उभं वल्हं

आमच्या खाडीत एक रीत आहे. मोठी बोट येताना दिसली, की छोट्या होडीतल्या माणसाने हातातलं वल्हं उचलून सरळ उभं धरायचं. ते दिसलं की बोटीवरच्या तांडेलाने इंजिन हळू करायचं आणि होडी मागे पडेपर्यंत हळूच ठेवायचं. बोटीच्या मागे जी लाट उठते ती तांडेलाला दिसत नाही, कारण तो तोवर पुढे गेलेला असतो. भोगते ती होडी. वल्हं उभं धरलं म्हणजे होडीवाल्याने स्वतःचा हात पाण्यातून काढला, आता त्याची होडी तुमच्या भरवशावर आहे.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. गावात दोन घरं अशी आहेत की एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत, पण खाडीत वल्हं उभं दिसलं की तीही इंजिन हळू करतात. रीत मोडून कोणाची होडी फुटलीच, तर होडीला होडी द्यायची. मग तुमची चूक जाणूनबुजून असो की नजरचुकीने.

मी बळवंत. एकोणतीस वर्षं तांडेलकी केली. आमच्या बोटीमागच्या लाटेने कोणाच्या टोपलीतली कोलंबी हलली नाही, असं गाव म्हणायचं, आणि गावाआधी मी म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून सुकाणू मुलाच्या, भावेशच्या हातात दिलं. पुढे पालघरच्या डॉक्टरने दोन्ही डोळे साफ करून दिले, पण मुलाच्या हातातून सुकाणू परत घ्यायचं कसं? म्हणून मी रोज बंदरावर, जाळी विणायच्या शेडखाली बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या चुका काढायचो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं माझी बायको आनंदी म्हणते. म्हणू दे.

पहिल्या वर्षीच भावेशने जमनाच्या होडीजवळून बोट जोरात काढली होती. जमना आमच्या आळीतली विधवा बाई, एकटी होडी घेऊन खाडीत जाळं लावते. तिने वल्हं उभं केलं होतं. याने इंजिन हळू केलं, पण उशिरा. तिची टोपली कलंडली, दोन मुठी कोलंबी गेली. मी त्याच संध्याकाळी भावेशला नारळ घेऊन तिच्या दारात उभा केला. सगळ्या आळीदेखत म्हटलं, "पाया पड तिच्या. आपल्या घरातल्या मानसानं असं करायचं नाय." पोरगा तेहतीस वर्षांचा, लग्न झालेला. मान खाली घालून पाया पडला. लोक म्हणाले, तांडेल असावा तर असा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चार दिवस बरं वाटत राहिलं.

आता सुकाचं सांगतो.

सुका आणि त्याची बायको जिवली खाडीपल्याडच्या पाड्यावर राहतात. ते आमच्यातले नव्हेत, डोंगराकडून आलेले. वीसएक वर्षांपूर्वी सुकाने जमनाच्या नवऱ्याकडून एक जुनी होडी घेतली, तिला डांबर फासलं, पत्र्याची ठिगळं मारली आणि चिंबोऱ्या धरायला लागला. जिवली खडकावरची कालवं फोडते. दोघं मिळून जे काही निघेल ते ती बोईसर स्टेशनबाहेर नेऊन बसते. तिथे कारखान्यातले कामगार 'केकडा केकडा' करत येतात आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी होते.

त्या पाड्यावरची बाकीची घरं दिवाळी झाली की कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे. पाऊस तोंडावर आला की परततात. सुका आणि जिवली जात नसत. होडी होती म्हणून. त्यांची मुलगी प्रियंका यंदा पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत दहावीला होती. भट्टीवर गेलेल्या घरातली पोर दहावी होत नाही, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ती फुटकी-तुटकी होडी म्हणजे त्या घराचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. ओहोटी लागून बराच वेळ झालेला. ओहोटीला आमच्या खाडीत पाण्याची एक अरुंद पट्टी उरते. एका बाजूला बंदराला लावलेल्या बोटी, तीन-तीन एकमेकींना बांधलेल्या. दुसऱ्या बाजूला कमरेएवढा चिखल, आणि चिखलाच्या काठाला जुन्या धक्क्याचा मोडका खांब, त्यातून लोखंडी गज बाहेर आलेले. मी शेडखाली बसलो होतो. सुकाची होडी त्या पट्टीतून पाड्याकडे चालली होती. सुका वल्हवत होता, जिवली पुढे टोपली धरून बसली होती.

मागून आमची बोट आली. इंजिनाच्या आवाजावरूनच मी ओळखली आणि तो आवाज कमी होत नाही हेही ओळखलं. उभा राहिलो, ओरडलो. शंभर पावलांवरून ओरडलेलं इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? सुकाने मान वळवून पाहिलं आणि होडी चिखलाकडे घातली, जोरजोरात वल्हवत. बोट बाजूने निघून गेली. मग लाट आली. होडी आडवी सापडली होती. लाटेने ती उचलली आणि खांबावर आपटली. लाकूड फुटल्याचा आवाज शेडपर्यंत आला. होडी उभी चिरली. टोपली उलटली, चिंबोऱ्या पाण्यात गेल्या. सुकाने जिवलीला दंडाला धरून चिखलातून ओढली. तिच्या पोटरीला गजाने चीर पडली होती. आमची बोट तोवर धक्क्याला लागून भावेश दोर टाकत होता.

मी त्याला तिथेच धरला. "डोळे फुटले काय तुझे?"

"बाबा, ओहोटी बगा ना," तो म्हणाला. "पाच मिन्टं अजून लागली असती तं बोट चिखलात बसली असती. खाली इतका माल हाय."

"मानसं दिसली नाय तुला?"

"दिसली. पन त्यानं वल्हं कुटं उभं केलं?"

मी त्याच्या थोबाडीत दिली. खलाशी बघत होते, मासळी न्यायला आलेल्या बायका बघत होत्या. त्याने गाल चोळला आणि शांतपणे पुन्हा म्हणाला, "मारा. पन त्यानं वल्हं उभं केलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बैठक बसली. बैठक मीच मागितली होती. आनंदी आदल्या दिवशी म्हणाली, "एवडं कशाला? आपली ती मागची होडी पडलीय, ती देऊन टाका गुपचूप." आमच्या घराच्या मागे माडाखाली एक होडी पालथी पडलेली असते, भावेश लहान असताना मी बांधून घेतली होती. मी म्हटलं, गुपचूप का? चूक चारचौघांत झाली, ती चारचौघांत कबूल झाली पाहिजे. मुलगा माझा असला म्हणून काय झालं? आनंदीने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती अशी बघते तेव्हा काहीतरी गिळत असते, पण मी विचारलं नाही.

ऑफिस भरलं होतं. अध्यक्ष कमलेश टेबलामागे. माणूस माझ्यापेक्षा लहान, मला मान देतो. सुका आणि जिवली दाराशी भिंतीला टेकून बसले होते, खुर्च्या रिकाम्या असताना. जिवलीच्या पायाला फडकं बांधलेलं. मी उठलो आणि बोललो. चांगलं बोललो. म्हणालो, एकोणतीस वर्षं मी या खाडीत बोट चालवली. रीत बापाकडून घेतली आणि मुलाला दिली, पण मुलाने ती पाळली नाही. चूक माझ्या घराची आहे. होडीला होडी द्यायला मी तयार आहे, सोसायटीने तसा ठराव करावा. बोलता बोलता माझा आवाज भरून आला. जमना पदराने डोळे पुसत होती. भावेश कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडे बघत होता.

कमलेश म्हणाला, "तांडेल, तुमी बोललात ते तुमालाच शोभतं. पन बैठक बसलीय तं दोनी बाजू इचारल्या पायजेत. सुका, तू सांग. बोट बगितलीस?"

"बगितली," सुका बसल्या जागेवरून म्हणाला.

"मग वल्हं उभं केलंस?"

सुकाने हो म्हटलं असतं तर संपलं असतं. भावेश सोडून कोणी नाही म्हणणार नव्हतं, आणि भावेशचं कोण ऐकणार होतं? मी मनात म्हणत होतो, हो म्हण रे बाबा. एवढं एक खोटं बोल.

"नाय केलं," सुका म्हणाला.

"का नाय केलंस? रीत ठाऊक नाय तुला?"

"ठाऊक हाय. पन आमी नाय करत."

"नाय करत म्हंजे?"

सुकाने कमलेशकडे बघितलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. जसं एखाद्याला आपण विसरलेल्या वस्तूची आठवण करून देतो, तसं.

"तांडेलांना ठाऊक हाय," तो म्हणाला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला ठाऊक होतं. तो म्हणेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि म्हटल्याबरोबर सगळं ठाऊक झालं. वीस वर्षांपूर्वीची सकाळ. सुकाने होडी नुकतीच घेतलेली. जिवली नवी नवरी, पुढे बसलेली, हिरव्या बांगड्या हातभर. मी बाहेरून बोट आणत होतो, ओहोटी लागली होती. लांबून मला दिसलं की होडीतला माणूस उठून उभा राहिला आणि त्याने वल्हं उभं केलं. नीट, दोन्ही हातांनी, आमच्यातलाच असल्यासारखं. आमच्याकडे बघून बघून शिकला असणार. माझा हात इंजिनाच्या दांड्यावर गेलासुद्धा. मग मी ओळखलं, हा तर पाड्यावरचा सुका. आणि हात काढून घेतला. ओहोटी होती, हे खरं. पण ओहोटी जमनाच्या नवऱ्यासाठीही असायची आणि तेव्हा मी हळू करायचो. याच्यासाठी थांबायचं, हे माझ्या मनातच आलं नाही. नाही, हेही खोटं. मनात आलं होतं आणि मी ते झटकलं. जवळून गेलो तेव्हा तो वल्हं धरून तसाच उभा होता. मागे वळून पाहिलं तर होडी अर्धी भरलेली आणि दोघं तेलाच्या डब्याने पाणी उपसत होते.

त्यानंतर सुकाने कधी वल्हं उभं केलं नाही. आमचं इंजिन ऐकू आलं की त्याची होडी काठाला जायची, चिखलात पुढचं टोक घालून थांबायची. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

"तांडेल?" कमलेशने विचारलं. "काय ठाऊक हाय तुमाला?"

आता एवढंच म्हणायचं होतं की त्याने केलं होतं एकदा, आणि मी थांबलो नाही. दोन वाक्यं. मुलाविरुद्ध मी अर्धा तास बोललो होतो, आवाज भरून येईपर्यंत. मुलाविरुद्ध बोलायला काय लागतं? त्यात बापाचं नाव मोठंच होतं. समोर जमना बसली होती, मघाशी डोळे पुसणारी. भिंतीवर सोसायटीच्या जुन्या लोकांचे फोटो होते आणि त्यात माझ्या वडिलांचा होता.

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

सुकाने मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही, याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. तो उठला, जिवलीला हात देऊन उठवलं.

पुढचं कमलेशने पटापट उरकलं. वल्हं उभं केलं नाही, तेव्हा रीत मोडली असं म्हणता येत नाही. रीत मोडली नाही, तेव्हा होडीला होडी लागू होत नाही. तरी माणुसकी म्हणून जिवलीच्या औषधपाण्याचं सोसायटी बघेल. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून बंदरावर फलक लावावा, त्यावर रीत लिहावी, म्हणजे बाहेरच्यांनाही कळेल. शेवटी तो म्हणाला, "पोटच्या पोराइरुद्द उभा ऱ्हानारा तांडेल आपल्या गावात हाय, त्याचं नाव फलकावर पायजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावेशने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मला निरखून बघत होता, प्रथमच कोणीतरी दिसावं तसा.

घरी आनंदीने ताट वाढलं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "डब्यानं पानी उपसत होते, नाय?"

माझा हात ताटातच राहिला. "तुला कोनी सांगितलं?"

"तुमीच. त्याच दिवशी, हितंच जेवताना. हसत हसत सांगितलंत. नवी नवरी बांगड्या सांबाळत पानी उपसत होती म्हनालात. मी पन हसले होते." तिने पदराला हात पुसले. "मी काय करायला पायजे होतं, रडायला? तवा मला पन कळलं नाय. पन आज तुमाला कळलं होतं. मी ऑफिसच्या खिडकीशी उभी होते, तुमचं तोंड बगितलं मी."

"मग तू का नाय बोललीस?"

"मी बोट चालवत नव्हते," आनंदी म्हणाली आणि ताट तसंच सोडून आत गेली.

फलक चौथ्या दिवशी लागला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. 'वल्हं उभं दिसताच इंजिन हळू करा.' खाली बारीक अक्षरांत, बळवंत तांडेल यांच्या प्रेरणेने. पेंटरने माझ्या नावाखाली एक छोटी होडीही काढली होती, हौसेने. मी शेडखाली बसायचो तिथून तो फलक बरोबर समोर येतो. डॉक्टरने डोळे असे साफ केलेत की ती बारीक अक्षरंही बसल्या जागेवरून वाचता येतात.

दिवाळीचे दिवस मी कसेबसे काढले. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि मागच्या माडाखालची होडी सुलटी केली. आत मुंग्यांचं वारूळ होतं, ते काढलं. तळ ठोकून पाहिला, लाकूड शाबूत होतं. भावेश दारात येऊन उभा राहिला. मग खाली उतरला आणि दुसऱ्या बाजूने होडी धरली. दोघांनी मिळून ती धुतली. तो म्हणाला, "मी पान्यानं घेऊन येतो पाड्यापर्यंत. तुमी पुढं जाऊन सांगा त्यांना." मग थोड्या वेळाने, "काय सांगायचं ते तुमी ठरवा."

मी ठरवलं होतं. स्कूटर काढली. पाड्याला रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून जावं लागतं. वाटेत मी मोठ्याने बोलून बघत होतो. सुका, तू वल्हं उभं केलं होतंस. मी बघितलं होतं. मी थांबलो नाही. ही होडी घे, आणि पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर बोलतो. तीनदा बोललो, तिन्ही वेळा जमलं.

पाड्याच्या अलीकडे रस्ता एवढा अरुंद आहे की एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला चर. वळणावर मला ते दिसले. पाठमोरे. सुका डोक्यावर गाठोडं घेऊन, जिवली एक पाय जरा ओढत, कमरेला भांड्यांची टोपली. त्यांच्यामागे प्रियंका, एका हातात रॉकेलचा स्टोव्ह आणि पाठीला शाळेचं दप्तर. त्यांच्या पुढे पाड्यावरची आणखी दोन घरं. फाट्यावर भट्टीचा ट्रक उभा असलेला इथूनच दिसत होता.

मी स्कूटर हळू केली, अगदी हळू, पाय टेकत टेकत. पण इंजिनाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांच्यातल्या कोणीही मागे वळून पाहिलं नाही. सुका बाजूला झाला, चरात उतरला. जिवली उतरली, दुखरा पाय आधी टाकून. प्रियंकाही उतरली, न सांगता, स्टोव्ह छातीशी धरून. तिघं चरात उभी राहिली, गाठोडी सांभाळत, मी जाण्याची वाट बघत.

मी त्यांच्यापाशी आलो. तोंड उघडलं. सुकाने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि मोकळ्या हाताने पुढचा रस्ता दाखवला.

"जावा तांडेल, जावा," तो म्हणाला. "आमी झालो बाजूला."

आणि मी गेलो.